काटा चुकवणारी गाडी आणि मालवाल्याची जबाबदारी

व्यापारी बांधवांच्या बैठकीत एक प्रश्न वरचेवर निघतो. मालाची गाडी वजनकाटा असलेल्या रस्त्याने न आणता दुसऱ्या घाटाने उतरवली, तर तो गुन्हा होतो का? कोणी म्हणतो, रस्ते सरकारचे आहेत, वाटेल त्या रस्त्याने यावे. कोणी म्हणतो, काटा चुकवला की गाडी गेलीच. दोन्ही बोलणी अर्धवट आहेत. आम्ही कापडाचे व्यापारी, वकील नव्हे. परंतु या प्रश्नाची किंमत एकदा मोजून झाल्यामुळे मोटार वाहन कायदा आम्हाला बसून वाचावा लागला. त्यातले धंद्याच्या उपयोगाचे तेवढे येथे मांडत आहोत.

गोष्ट जुलै २०१४ ची. रमजानचा महिना चालू होता, ईद महिनाअखेरीस होती आणि पाठोपाठ ऑगस्टमध्ये गणपती. रत्नागिरीतल्या चार दुकानदारांनी मिळून इचलकरंजीहून पॉपलीन, केंब्रिक आणि अस्तराच्या गाठी मागवल्या. ट्रान्सपोर्टवाल्याने सांगितले की माल एका गाडीचा नाही, दीड गाडीचा आहे. आम्ही म्हटले, दुसऱ्या गाडीचे भाडे कशाला, एकाच गाडीत बसवा. त्यानेही फार ओढून धरले नाही. बिल्टीवर साडेनऊ टन वजन लिहिले गेले. गाठी मोजून केलेला तो अंदाज होता आणि अंदाज सर्वांच्या सोयीचा होता.

नेहमीचा मार्ग कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा असा आहे. त्या आठवड्यात आंबा घाटाच्या रस्त्यावर तपासणी चालू असल्याची खबर ड्रायव्हरला लागली, म्हणून त्याने गाडी अणुस्कुरा घाटाने खाली घातली. पाचल, रायपाटण करीत तो ओणीला महामार्गावर आला आणि तेथून लांज्याकडे निघाला असता त्याला थांबवण्यात आले. जवळच्या काट्यावर गाडी गेली. नोंदणी पुस्तकावर मालासह वजन १६.२ टन, काट्यावर भरले १८.९ टन. जास्तीचे पावणेतीन टन तेथेच उतरवा, असा लेखी हुकूम झाला. बाहेर पाऊस कोसळत होता. हमाल मिळेपर्यंत दुपार गेली, टेम्पो मिळेपर्यंत रात्र. ताडपत्री एक आणि गाठी दोन ठिकाणी. दंड भरला पाच हजारांच्या घरात. भिजलेल्या, डाग पडलेल्या कापडात मात्र दीड लाखाच्या वर गेले, आणि ईदची विक्री गेली ती वेगळी.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११३ प्रमाणे नोंदणी पुस्तकात जे एकूण वजन लिहिले आहे त्याच्यावर वजन भरून गाडी चालवता येत नाही. नुसते एकूण वजन नव्हे, प्रत्येक आसावर किती भार पडावा याचीही मर्यादा आहे. म्हणजे एकूण वजन बरोबर असूनही सर्व गाठी मागे रचल्या आणि पुढे जागा मोकळी राहिली, तर मागच्या आसावर गुन्हा होऊ शकतो. माल रचणाऱ्या हमालाला हे कोणी सांगत नाही.

कलम ११४ काट्याबद्दल आहे. राज्य सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला गाडीत जास्त वजन आहे असे मानण्यास कारण दिसले, तर तो ड्रायव्हरला गाडी काट्यावर नेण्यास सांगू शकतो. त्यालाही हद्द आहे. काटा गाडीच्या पुढच्या मार्गावर १० किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असावा लागतो. वजन जास्त निघाले तर जादा माल उतरवण्याचा लेखी हुकूम देता येतो आणि उतरवलेल्या मालाची जोखीम गाडीवाल्याची. सरकारची नाही. आमच्या भिजलेल्या गाठींबद्दल कोणाकडे दाद मागावी, हे विचारायला गेलो तेव्हा आम्हाला हेच वाक्य दाखवण्यात आले.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. कोणी अडवलेले नसताना दुसऱ्या उघड्या रस्त्याने जाणे, हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नाही. प्रत्येक मालगाडीने वाटेतल्या प्रत्येक काट्यावर आपणहून जावे असे हे कलम म्हणत नाही. गाडी वजनात असेल तर ड्रायव्हरने अणुस्कुऱ्याने यावे, आंब्याने यावे की कुंभार्लीने, तो त्याचा प्रश्न आहे. मात्र तो दुसरा रस्ता अवजड वाहनांना बंद असेल, तर गोष्ट बदलते. कलम ११५ खाली एखाद्या रस्त्यावर किंवा पुलावर अवजड गाड्यांना मनाई करता येते. महाडहून भोरला चढणारा वरंध घाट पावसाळ्यात असा अनेकदा बंद झालेला आहे. अशी मनाई मोडली तर शिक्षा जास्त वजनाच्या गुन्ह्याइतकीच आहे. आणि वजन जास्त असेल, तर रस्ता कोणताही धरा, गुन्हा गोदामाच्या फाटकातून गाडी बाहेर पडली तेव्हाच झालेला असतो. काट्यावर तो फक्त उघडकीस येतो.

अधिकाऱ्याने काट्यावर चल म्हटल्यानंतर न थांबणे हा मात्र सरळ गुन्हा आहे. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती आमच्या भागातल्या पुष्कळ लोकांना ठाऊक नसावी. काट्याआधी टेम्पो बोलावून थोडा माल त्यात काढून घ्यायचा आणि गाडी हलकी करून काट्यावर न्यायची, ही युक्ती सर्रास सांगितली जाते. वजन होण्यापूर्वी माल काढणे किंवा काढायला लावणे यालाही न थांबण्याइतकाच दंड आहे.

दंडाचे आकडे पाहिले म्हणजे २०१४ साली आम्ही इतके बेफिकीर का होतो ते समजेल. १९९४ च्या दुरुस्तीप्रमाणे जास्त वजनाला किमान २,००० रुपये आणि वर दर टनाला १,००० रुपये दंड होता. तीन टन जादा असले तर ५,००० रुपये. धंद्यात तो दंड न समजता खर्चाची एक बाब समजली जाई. दहा फेऱ्यांत एकदा पकडले तरी हिशेब फायद्याचाच. १ सप्टेंबर २०१९ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तोच आकडा २०,००० रुपये आणि दर टनाला २,००० रुपये झाला. तीन टनांना २६,००० रुपये. काट्याला नकार दिला किंवा वजनाआधी माल काढला तर ४०,००० रुपये, पूर्वी हा दंड फार तर ३,००० होता. महाराष्ट्रात वाढीव दंडाची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली.

दंड भरला म्हणजे जादा माल घेऊन पुढे जाण्याची परवानगी मिळाली, असा एक समज फार जुना आहे. काही राज्यांनी तर आगाऊ पैसे घेऊन जादा वजनाची मुभा देणारी कार्डे काढली होती. परमजित भसीन यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये निकाल दिला की तडजोडीचा दंड घेतला तरी जादा माल उतरवलाच पाहिजे, पैसे घेऊन वजनाची मुभा देता येत नाही. हा निकाल आमच्या प्रसंगाच्या नऊ वर्षे आधीचा होता. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

आमच्या पिढीच्या डोक्यात काटा आणि जकात नाका एकाच खणात बसलेले आहेत, हे याचे मूळ असावे. जकात चुकवण्यासाठी गाड्या आडवाटेने शहरात आणल्याच्या गोष्टी जुने लोक मजेने सांगतात. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, पुढे १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, आणि नाका चुकवण्याची ती विद्या निकामी झाली. काट्याकडे मात्र अजून त्याच नजरेने पाहिले जाते. जकात बुडाली तर नगरपालिकेचे पैसे बुडत. काटा चुकवून जे वजन पुढे जाते ते ब्रेकवर आणि रस्त्यावर बसते.

रस्त्याचे गणित अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात गाड्या फिरवून केलेल्या मोठ्या परीक्षेतून पुढे आले. आसावरचा भार वाढला की रस्त्याची झीज साधारणपणे त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर झीज सोळापट. चार टायरच्या आसाला पूर्वी १०.२ टनांची मर्यादा होती. त्याच्यावर १३ टन ठेवले तर भार सव्वापट दिसतो, पण झीज अडीचपटीच्या वर जाते. कोकणात त्यात पावसाचे पाणी मिळते. चिरे आणि वाळूच्या गाड्या ज्या रस्त्याने चालतात त्याची सप्टेंबरमध्ये काय दशा असते, ते रत्नागिरीकरांना लिहून सांगायला नको. घाटउतारावर तर वजनाचा जोर सगळा ब्रेकवर. पालीकडून हातखंब्याला उतरणाऱ्या गाड्यांचे अपघात आम्ही आयुष्यभर ऐकत आलो आहोत.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने आसांची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका आसाला १०.२ वरून ११.५ टन, दोन आसांच्या गाडीचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन. तेव्हापासून बाजारात ‘आता सगळ्या गाड्यांना दोन टन जास्त चालतात’ असे बोलले जाते. तसे धरून चालू नये. कायदा नोंदणी पुस्तकातला आकडा पाहतो. गाडी जुनी असेल आणि पुस्तकात जुनाच आकडा असेल, तर तोच खरा.

जबाबदारी कोणाची, हा यातला सर्वांत वाईट भाग. ड्रायव्हर स्वतः मालक नसेल, तर मालकाला माहीत होते किंवा त्यानेच सांगितले होते असे न्यायालय धरून चालू शकते, अशी तरतूद कलम ११३ मध्येच आहे. दंडाच्या कलमात तर गाडी चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा असे तिघेही येतात. एकाच गाडीत बसवा असे सांगणारा व्यापारी या शब्दांच्या बाहेर राहतो, असे आम्ही तरी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. शिवाय २००७ च्या रस्ता माल वाहतूक कायद्याप्रमाणे माल पाठवताना दिलेल्या तपशिलाच्या खरेपणाची जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर आहे. बिल्टीवरचे साडेनऊ टन आम्ही ट्रान्सपोर्टवाल्याच्या अंगावर ढकलू शकलो नाही, ते यामुळेच.

परंतु प्रत्यक्षात पकडला जातो ड्रायव्हर. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये सर्व राज्यांना कळवले की मालगाडीत जादा वजन भरणाऱ्या ड्रायव्हरचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. व्यापाऱ्याचे दुकान त्या तीन महिन्यांत बंद होत नाही. मालक दुसरा ड्रायव्हर ठेवतो. ज्याने माल मागवला नाही, भरला नाही, ज्याला जादा भाड्यातला पैसाही मिळत नाही, त्याची रोजी तेवढी जाते. आमच्या त्या गाडीचा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी दुकानात आला तेव्हा आम्ही त्याच्यावर चिडलो होतो. कशाला घातलीस गाडी अणुस्कुऱ्याला, म्हणून विचारले. तो म्हणाला, “शेठ, काट्यावर गेलो असतो तर मालक घरी बसवता, नाही गेलो तर साहेब. गाठी कमी घाल म्हणून मी इचलकरंजीतच सांगत होतो.” आम्ही त्याला चहा पाजला. बोलण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते.

आता आमच्याकडे माल सुटण्यापूर्वी रिकामी गाडी आणि भरलेली गाडी अशी दोन वजने होतात. वैध मापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का असलेल्याच काट्यावर ती करावीत, कारण वाटेत वजनावरून वाद निघाला तर बिनशिक्क्याच्या काट्याची पावती कामाची नाही. पावतीची एक प्रत बिल्टीला लागते, एक ड्रायव्हरच्या खिशात, आणि बिल्टीवर तोच आकडा लिहिला जातो. पावसाळ्यात आम्ही मर्यादेपेक्षा दोन-तीनशे किलो कमीच भरतो. ताडपत्री, दोर आणि ओल यांचेही वजन असते. सणाची मागणी दीड महिना आधी नोंदवतो, म्हणजे दुसऱ्या गाडीसाठी कोणाच्या पाया पडावे लागत नाही.

दुसऱ्या गाडीच्या खर्चाचाही आम्ही मागाहून हिशेब केला. त्या वेळी ती सहा हजार रुपयांत आली असती. मीटरला सरासरी १४० ग्रॅम वजन धरले तर साडेबारा टनांत सुमारे ८९,००० मीटर कापड होते. म्हणजे जे वाचवण्यासाठी आम्ही एवढे केले, ते मीटरमागे सात पैसेही नव्हते.