पकड आणि सुटका : स्त्रियांसाठी स्की व बाइंडिंगची निवड

आपल्या संस्थेतील अनेक डॉक्टरांची मुले आज अमेरिका, कॅनडा वा युरोपात स्थिरावली आहेत आणि हिवाळ्यात त्यांच्याकडे जाणारे आई-वडीलही हौसेने बर्फावर उतरतात. गुलमर्गला जाणारेही कमी नाहीत. म्हणून हा विषय स्मरणिकेत अगदीच अप्रस्तुत ठरू नये. मी अस्थिरोगतज्ज्ञ नव्हे, भूलतज्ज्ञ आहे. परंतु गुलमर्गच्या उतारावर माझ्या उजव्या नडगीचे हाड पिळवटून मोडले आणि रुग्णाच्या भूमिकेतून मला हा अभ्यास करावा लागला.

त्या वेळी माझे वय ५२ आणि वजन ५४ किलो होते. स्की माझ्या भाच्याच्या. तो ८५ किलोचा आणि तरबेज. टाचेचा भाग सरकवून माझे बूट त्यांत बसवले, खटका वाजला आणि मी निश्चिंत झाले. पडले तेव्हा वेग बेताचाच होता. स्कीचे टोक बर्फात अडकले, शरीर वळले, पण बाइंडिंगचा पुढचा जबडा उघडला नाही. रुग्णाचे वजन विचारल्याखेरीज औषधाची मात्रा न ठरवणाऱ्या मला, बाइंडिंगवरचा आकडा कोणाच्या वजनाचा आहे हे विचारण्याचे सुचले नव्हते.

प्रथम स्कीविषयी. 'ऑल-माउंटन' स्की म्हणजे यंत्राने दाबलेला कठीण उतार, उंचवटे आणि मऊ बर्फ या सर्वांवर चालणारी. तिच्या मधल्या भागाच्या रुंदीला कंबर म्हणतात. ती साधारणतः ८० ते १०० मिलीमीटर असते. 'ब्लॅक पर्ल ८८' या प्रसिद्ध स्त्री-मॉडेलच्या नावातील आकडा हीच रुंदी सांगतो. कठीण उतारावरच फिरायचे असेल तर ८० ते ८८ पुरेशी. मऊ, ताजा बर्फ अधिक मिळत असेल तर ९० च्या पुढची. कठीण बर्फावर फार रुंद स्की धारेवर आणताना गुडघ्यावर अधिक ताण येतो. लांबीचा ढोबळ नियम असा की नवशिकीला हनुवटी ते नाकापर्यंतची, तर सरावलेलीला कपाळापर्यंतची स्की सोयीची.

स्त्रियांची स्की बहुधा वजनाने हलकी आणि वाकण्यास मऊ असते. काही मॉडेल्समध्ये बाइंडिंगची जागाही किंचित पुढे असते. काहींत मात्र फरक केवळ रंगाचा असतो. म्हणून रंग पाहू नये, वजन व लवचीकता पाहावी. वेगाने उतरणाऱ्या बलवान स्त्रीला फार मऊ स्की थरथरते. तिने ती केवळ स्त्रियांसाठी आहे म्हणून घेऊ नये.

आता बाइंडिंग. त्याची कामे दोन : बूट घट्ट धरणे आणि ठरावीक बलापलीकडे तो सोडणे. सुटकेचे हे मूल्य वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून आंतरराष्ट्रीय कोष्टकानुसार ठरते. वजन व उंची वेगवेगळ्या ओळींत येत असतील तर कमी मूल्याची ओळ घ्यावयाची. वय ५० वा अधिक असेल तर आणखी एक पायरी खाली यावयाचे. संकोचाने वजन वा वय चुकीचे सांगणे, किंवा अभिमानाने स्वतःला तरबेज म्हणवणे, येथे हाडाशी खेळ ठरतो. आपले मूल्य बाइंडिंगच्या मर्यादांमध्ये आरामात बसले पाहिजे, अगदी टोकाला नव्हे.

बूट व बाइंडिंग यांचा मेळही पाहावा. पारंपरिक अल्पाइन तळ, चालण्यास सोपा ग्रिपवॉक तळ आणि गिर्यारोहणाचा टूरिंग तळ यांचे आकार भिन्न आहेत. जुन्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये ग्रिपवॉक बूट खटकन बसला तरी तो योग्य वेळी सुटेलच असे नाही. बाइंडिंगवर तशी खूण असावी लागते. ब्रेकची रुंदी स्कीच्या कमरेइतकी किंवा फार तर सुमारे १५ मिलीमीटर अधिक असावी. जोडणी व चाचणी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करावी आणि दर हंगामापूर्वी पुन्हा तपासावी.

तथापि बाइंडिंग म्हणजे सर्वरोगहर औषध नव्हे. आधुनिक बाइंडिंगमुळे नडगीचे अस्थिभंग पुष्कळ घटले. गुडघ्यातील पुढच्या क्रूसबंधाच्या दुखापती मात्र तशा घटल्या नाहीत, आणि हौशी स्त्रियांत त्या पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतात. व्हर्मॉन्टमधील एटलिंगर, जॉन्सन व शीली यांनी १९९५ मध्ये याची एक महत्त्वाची तऱ्हा विशद केली. स्कीपटू मागे झुकते, नितंब गुडघ्यांच्या खाली जातात आणि स्कीचे मागचे टोक तरफेसारखे गुडघा पिळते. अशा वेळी नेहमीचे बाइंडिंग बहुधा सुटत नाही. म्हणून हात पुढे ठेवावेत, पाय जवळ ठेवावेत आणि घसरणे पूर्ण थांबेपर्यंत उठण्याचा प्रयत्न करू नये.

पुढच्या हिवाळ्यात आपली मुलगी, सून वा पत्नी स्की घेण्यास निघाली, तर किंमत व रंग विचारण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा : हे बाइंडिंग कोणाच्या मापाने लावले आहे? मी तो विचारला असता, तर प्लास्टरमधले ते महिने वाचले असते.