उष्णतेचा ताण : चाकाची धांव व सिमेंटचा पाट

रबरी चाकांचा प्रसार झाला असला तरी गाडीच्या चाकावर लोखंडी धांव कशी चढवितात, हें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेलच. लोहार धांव चाकाच्या घेरापेक्षां किंचित् आंखूड करतो, गोवऱ्यांच्या जाळांत ती लाल करतो व सांडशींनीं उचलून पुठ्ठ्यांवर बसवितो. लागलीच पाणी ओतलें कीं धांव आंवळते, पुठ्ठ्यांचे सांधे करकरतात आणि आरे तुंब्यांत घट्ट रुततात. साडेचार फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारें १७० इंच भरतो. लोखंड दर शतमान अंशास आपल्या लांबीच्या दहा लाखांत बारा भाग वाढतें. म्हणजे ५०० अंशांनीं तापविलेली धांव सुमारें एक इंच लांब होते.

निवतांना ती पूर्ववत् होऊं पाहते, पण लांकूड आड येतें. त्यामुळें धांवेंत ताण व लांकडावर दाब उत्पन्न होतो. सर्वत्र सारखा तापलेला पदार्थ मोकळेपणीं फुगला वा आकसला तर त्यांत ताण येत नाहीं. अडविला म्हणजे येतो. दोन्ही टोकांस पक्की जखडलेली पोलादी कांब एक अंश निवाली तरी तिच्या छेदाच्या दर चौरस इंचास सुमारें १५० किलोंचा ताण बसतो. अडवणूक बाहेरचीच पाहिजे असें नाहीं. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला कीं तेवढीच जागा आकसूं लागते, भोंवतालची ऊन काच तीस आकसूं देत नाहीं, आणि काच तडकते.

चैत्रांत धांव सैल होते ती उन्हानें लोखंड वाढतें म्हणून, असा समज आहे. हिशेब करून पाहावा: २० अंशांच्या फरकानें वरील धांव इंचाचा सुमारें पंचविसावा भाग वाढते. खरें कारण लांकूड वाळून आटतें हें होय. म्हणूनच चाक पाण्यांत ठेवल्यानें कांहीं दिवस सुधारतें.

आम्हीं स्वतः ठेंच खाल्ली ती मात्र पाटाच्या कामांत. विहिरीपासून मळ्यापर्यंत १०० फूट लांबीचा काँक्रीटचा पाट आम्हीं वैशाखांतल्या भर दुपारीं, मध्यें एकहि सांधा न ठेवतां ओतविला. गवंड्यानें सांधे सुचविले होते; पण त्यांतून पाणी गळेल या भीतीनें आम्हीं त्याचें ऐकलें नाहीं. पौषांत तीन ठिकाणीं आरपार भेगा पडल्या व टोकाच्या वाफ्यांस पाणी पोंचेना. त्या वर्षीं तिकडचा गहूं करपला.

काँक्रीट दर अंशास दहा लाखांत सुमारें दहा भाग आकसतें. वैशाखाची दुपार व पौषाची पहाट यांत २५ अंशांचा फरक धरला तर १०० फुटांस तीन दशांश इंच होतात. खालची जमीन पाटास सरकूं देत नाहीं, म्हणून सारी ओढ काँक्रीटवर येते; आणि काँक्रीट जितका दाब सोसतें त्याच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकीच ओढ सोसतें. शिवाय नवें काँक्रीट वाळतांनाहि आटतें, तें निराळेंच. सळया घातल्यानें भेगा टळतात असें नाहीं. एका रुंद भेगेच्या जागीं पुष्कळ बारीक भेगा पडतात, इतकेंच. लोखंड व काँक्रीट जवळजवळ सारखेंच वाढत असल्यामुळें दोहोंचें जुळतें, हा एक सुदैवी योगच म्हणावयाचा.

पुढील वर्षीं आम्हीं पाट उखडून नवा केला. दर दहा फुटांस अर्धा इंच फट ठेवून तींत डांबर व वाळू यांचें मिश्रण भरलें, काम सकाळच्या गारव्यांत उरकलें, आणि वर दहा दिवस ओलें गोणपाट ठेविलें. हे सांधे हिवाळ्याच्या आरंभीं एकदां पाहावे लागतात. थंडीनें फट रुंदावून डांबर एका कडेनें सुटलेलें आढळल्यास तें खरवडून काढावें व ऊन डांबर पुन्हां भरावें. आमच्या पाटाचे दोन सांधे यंदा असे भरावे लागले.