शेतात सेन्सर बसवताय? मावळातल्या शेतकऱ्यासाठी खर्चाचा हिशेब

मोबाईलवर ओलावा, तापमान, पाऊस दाखवणारा संच घ्यायचा ठरवलं असेल, तर विक्रेत्याला आधी एवढंच विचारा: दुसऱ्या वर्षी मला किती पैसे भरावे लागतील? उत्तर लेखी घ्या. फसगत बहुतेक वेळा तिथेच होते.

तयार संचात साधारणपणे दोन खोलींवरचा ओलावा सेन्सर, तापमान-आर्द्रता, पर्जन्यमापक, सौर पट्टी आणि सिम असतं. अशा संचाची किंमत साधारण ३० ते ६० हजार रुपये. दरपत्रकाच्या तळाशी ‘जीएसटी वेगळा’ असं बारीक अक्षरात असतं. मोजमापाच्या उपकरणांवर तो १८ टक्के आहे, म्हणजे ४०,००० चा संच ४७,२०० ला पडतो. जीएसटी नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याला हा कर परत मिळत नाही. पुढे अॅपची वार्षिक वर्गणी, सिमचं रिचार्ज, दोन-तीन वर्षांनी बॅटरी आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचा प्रवासखर्च. वर्गणी थांबवली तर यंत्र आकडे दाखवतं की बंद पडतं? तुमच्या शेतातली माहिती फाइल करून मिळते की कंपनीकडेच राहते? या दोन्हींची उत्तरं बिलावर लिहून घ्या.

ठिबकसोबत सेन्सर घेत असाल तर बिलात दोन्हींच्या ओळी वेगळ्या हव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक आणि तुषार संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. एकगठ्ठा बिलात ही बचत तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

आता गरज आहे का ते बघा. पावसावरचा भात असेल तर ओलाव्याचा सेन्सर घेऊ नका. लोणावळ्यात वर्षाला साधारण साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला वडगाव-इंदुरीकडे सरकाल तसा तो झपाट्याने कमी होतो. खाचरात पाणी किती आहे ते डोळ्यांना दिसतं. उन्हाळी भाताला पाणी देत असाल तर भोकं पाडलेला फूटभर लांबीचा पाइप खाचरात रोवा आणि आतली पाण्याची पातळी पट्टीने मोजा. ही पद्धत आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रुजवली आहे आणि खर्च पाइपच्या तुकड्याएवढाच आहे. हवामानासाठी मेघदूत आणि विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी, ही दोन्ही अॅप फुकट आहेत. महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत उभी आहेत. तुमच्या मंडळाचे आकडे कृषी कार्यालयात विचारा. लोणावळ्याचा पाऊस बघून सोमाटण्यात फवारणी ठरवू नका.

भाताच्या बियाण्यातही पैसे वाचतात. इंद्रायणी हे वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचं, १९८७ चं सरळ वाण आहे, संकरित नाही. चांगल्या शेतातलं, भेसळ काढलेलं बी तुम्ही दोन-तीन हंगाम ठेवू शकता. दरवर्षी नवी पिशवी घ्यायलाच हवी असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. स्वतःचं बी राखण्याचा, पेरण्याचा आणि विना-ब्रँड विकण्याचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे.

उसाचं गणित वेगळं आहे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या योजनेत हेक्टरी २५,००० रुपये खर्च धरला गेला. त्यात शेतकऱ्याचा वाटा ९,००० रुपये, कारखान्याचा ६,७५० आणि इन्स्टिट्यूटचा ९,२५०. तुमचा ऊस ज्या कारखान्याला जातो, मग तो कासारसाई-दारुंब्रेचा संत तुकाराम असो वा दुसरा, त्याच्या शेती विभागात आधी चौकशी करा. वाटा मिळत असेल तर एकट्याने पूर्ण किमतीचा संच घेण्यात अर्थ नाही.

सेन्सरचा खरा उपयोग पॉलिहाऊसमध्ये. गुलाबावर भुरी आणि डाऊनी येतात त्या दमट हवेमुळे, आणि पहाटेची आर्द्रता अंदाजाने कळत नाही. इथे आर्द्रता-तापमानाचा सेन्सर पैसे वसूल करून देतो, फक्त तो झाडाच्या उंचीवर आणि उन्हापासून आडोशाला हवा. दाराजवळच्या खांबावर टांगला तर तो दाराचंच हवामान सांगणार. ईसी आणि पीएचचे हातातले मीटर साधारण एक ते तीन हजारांत मिळतात; सुरुवातीला ते पुरेत. मात्र पीएचची कांडी दीड-दोन वर्षांत बदलावी लागते आणि चार व सात पीएचच्या प्रमाणित द्रावणाने ती वरचेवर जुळवावी लागते. हा खर्च दरपत्रकात सहसा नसतो.

ओलाव्याच्या सेन्सरबाबत जास्त सावध राहा. मावळात गादीवाफे बहुधा लाल माती, शेणखत आणि भाताचं तूस मिसळून भरतात. असा भुसभुशीत वाफा किंवा कोकोपीट यांत कारखान्यात जुळवून दिलेला सेन्सर चुकतो, कारण कांडीभोवती हवा राहते. बसवणाऱ्याकडून तुमच्याच वाफ्यात जुळवून घ्या: भरपूर पाणी देऊन, रात्रभर निचरा होऊ देऊन सकाळी आकडा घ्यायचा, मग वाफा सुकू देऊन पुन्हा. हे दोन दिवसांचं काम आहे. विक्रेता तासाभरात बसवून निघाला, तर शेवटचा हप्ता देऊ नका.

पैसे कमी असतील आणि ओळखीत अभियांत्रिकीचा विद्यार्थी असेल, तर घरगुती संचही जमतो. ईएसपी-३२ बोर्ड साधारण ४०० ते ७०० रुपयांना, साधा कपॅसिटिव्ह सेन्सर १०० ते ३०० ला, वर पाणीरोधक डबी आणि बॅटरी. सगळं तीन हजारांच्या आत. सेन्सरच्या कडा आणि वरचा सर्किटचा भाग राळेने बंद केला नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात तो संपतो. लांब पल्ल्याचा लोरा रेडिओ वापरणार असाल तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचाच घ्या. भारतात या पट्ट्याला परवाना लागत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा ९१५ चा संच घेऊ नका.

पैसे देण्याआधी रेंज तपासा. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, तिन्ही खोऱ्यांत डोंगराआड नेटवर्क जातं. संचात ज्या कंपनीचं सिम येणार, त्याच कंपनीचा फोन नेमक्या जागी, पिकाच्या उंचीवर धरून बघा. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यामुळे सौर पट्टी पुरेशी चार्ज होत नाही, म्हणून बॅटरी ऊन नसताना किती दिवस चालते ते विचारा. विजेचा लोट अडवणारं संरक्षक उपकरण आणि अर्थिंग किमतीत धरलं आहे का? वॉरंटीत ‘वीज पडल्यास भरपाई नाही’ हे वाक्य शोधून वाचा.

अनुदानासाठी ठिकाण एकच: महाडीबीटी पोर्टल, आणि चौकशीला वडगावचं तालुका कृषी अधिकारी कार्यालय. लागतं ते असं: शेतकरी ओळख क्रमांक (एप्रिल २०२५ पासून सक्तीचा), सातबारा, आठ-अ, आधारशी जोडलेलं बँक खातं, दरपत्रक. डिजिटल सातबारा महाभूमीवर १५ रुपयांत मिळतो. त्यासाठी कोणाला शंभर-दोनशे देऊ नका. निवड आता सोडतीने होत नाही, आधी अर्ज करणाऱ्याला आधी संधी, त्यामुळे उशीर नको. ठिबकला अल्प-अत्यल्प भूधारकांना एकूण ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, पण शासनाने ठरवलेल्या खर्चावर, तुमच्या बिलावर नाही. पूर्वसंमती मिळण्याआधी एक खांबही उभारू नका. आधी केलेलं काम अनुदानातून बाद होतं. ‘फाइल पास करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला टक्केवारी देण्याचं काही कारण नाही.

पॉलिहाऊस नवं असेल तर आधी प्रशिक्षण घ्या. तळेगाव दाभाडे इथली राष्ट्रीय काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्था राज्य कृषी पणन मंडळाची आहे. तिचा पाच दिवसांचा हरितगृह अभ्यासक्रम परिचित आहे आणि त्याचं प्रमाणपत्र अनुदानाच्या कामी येतं. शुल्कात राहणं-जेवण धरलं आहे का, ते नोंदणीच्या वेळी विचारा.

ऊतीसंवर्धित रोपं घेताना प्रयोगशाळेला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची मान्यता आहे का ते पाहा, आणि रोपं विषाणूमुक्त असल्याचा कागद मागा. द्रवरूप ‘टॉनिक’ घेताना जास्त जपा. जैव-उत्तेजकांची तात्पुरती नोंदणी १६ जून २०२५ ला संपली. खत नियंत्रण आदेशात अधिसूचित नसलेलं उत्पादन आता विकता येत नाही. युरियासोबत अशी बाटली घ्यायलाच लावणं, म्हणजे लिंकिंग, बेकायदा आहे. पक्कं बिल मागा आणि तालुका कार्यालयात तक्रार द्या.

ड्रोनने फवारणी करून घेणार असाल तर आधी डिजिटल स्काय नकाशावर तुमचं शेत कोणत्या रंगात येतं ते पाहा. लोणावळ्यात नौदलाचं आयएनएस शिवाजी आहे, देहूरोडला लष्करी ठाणी आहेत. हिरव्या क्षेत्रात परवानगी लागत नाही, पिवळ्या-लाल क्षेत्रात लागते. चालकाचं रिमोट पायलट प्रमाणपत्र बघितल्याशिवाय आगाऊ पैसे नकोत.

तुम्ही स्वतःच काही यंत्र बनवलं असेल तर पेटंटचा खर्च असा: व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे १,६०० रुपये, तपासणीच्या विनंतीचे ४,०००. तात्पुरता अर्ज केल्यास १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो. प्रदर्शनात मांडण्याआधी अर्ज करा. वकिलाची फी वेगळी, आणि ती देण्याआधी हे माहीत हवं: शेतीची पद्धत, वनस्पती व बियाणं, आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही. नवा सेन्सर किंवा त्याची जोडणी मात्र पात्र ठरू शकते. ‘पीक पद्धतीचं पेटंट काढून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला कलम ३ दाखवा.

बसवायची वेळ ऑक्टोबर. फेब्रुवारीच्या गुलाबासाठी छाटणी साधारण नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात येते. तोवर सेन्सर जुळलेला हवा. यंत्र बंद पडलं आणि कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे निपटलं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. बिल, दरपत्रक आणि ते लेखी उत्तर सोबत जोडा.