एडेलवाइस : आल्प्सचें लोंकरी फूल

झेंडूचें फूल वर्गांत उकलून दाखविलें, तेव्हां त्यांतील प्रत्येक ‘पाकळी’ हें एक स्वतंत्र फूलच आहे, हें ऐकून पुष्कळ विद्यार्थ्यांस नवल वाटलें. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्याच कुळांतील एक फूल याहूनही मोठा चकवा देतें. तें म्हणजे आल्प्स पर्वतावरील एडेलवाइस.

सुमारें १,८०० ते ३,००० मीटर उंचीवर, चुनखडीच्या खडकांत तें उन्हाळ्यांत फुलतें. झाड जेमतेम वीतभर. पाहणारास एक पांढरा तारा दिसतो; परंतु त्या ताऱ्याचीं टोकें पाकळ्या नव्हेत, तीं पानें आहेत! खरीं फुलें मध्यभागींच्या पिवळसर गोंड्यांत दाटीनें बसलेलीं असतात. पानांचा पांढरेपणाही रंगाचा नव्हे, तर लोंकरीसारख्या केसांचा आहे. त्या उंचीवर वारा कोरडा व ऊन प्रखर. या लोंकरीमुळें पानांतील ओल टिकते. शिवाय, या केसांवरील अतिसूक्ष्म रेघा सूर्याचे घातक अतिनील किरण शोषून घेतात व उपयुक्त प्रकाश पानाकडे जाऊं देतात, असें बेल्जियममधील शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं दाखवून दिलें. उन्हांत घोंगडी पांघरणारा आमचा धनगर कांहीं वेडा नव्हे!

जर्मन भाषेंत ‘एडेल’ म्हणजे थोर व ‘वाइस’ म्हणजे पांढरें. लिओन्टोपोडियम या शास्त्रीय नांवाचा अर्थ मात्र ‘सिंहाचा पाय’ असा आहे. या थोरपणानेंच फुलावर संकट आणिलें. प्रियजनांस तें आणून देणें हें मर्दुमकीचें लक्षण मानलें गेलें. तरुण कड्यांवर चढूं लागले आणि कित्येक कोसळून प्राणांस मुकले. एका फुलासाठीं आईबापांस दुःखांत लोटणें यास शौर्य म्हणावें, हें आम्हांस पटत नाहीं. पर्वत पाहावयास येणाऱ्या हौशी प्रवाशांनींही फुलें वेंचलीं व रोपें मुळासकट उपटलीं. अखेर १८७८ सालीं स्वित्झर्लंडांतील ओब्वाल्डेन प्रांतानें तें मुळासकट उपटण्यास कायद्यानें बंदी केली. इतर प्रांतांनीं व देशांनींही पुढें तोच मार्ग धरिला. आज ऑस्ट्रियाच्या दोन सेंटच्या नाण्यावर हें फूल कोरलेलें आहे.

युरोपानें तें असें आपलें मानलें, तरी त्याचे बहुतेक भाऊबंद आशियांतच आहेत. आपल्या हिमालयाच्या उंच उतारांवरही त्याच जातकुळींतील लोंकरी तारे उन्हाळ्यांत उमलतात.