आगीशिवाय बी

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला पलूस नावाचा टेकड्यांचा मुलूख आहे (सांगलीच्या पलूसशी त्याचं नातं नावापुरतंच). तिथे लॉनच्या गवताच्या पैदाशीवर काम करताना जे उमगलं, ते इथे मांडतो.

१. शेत पेटवणाऱ्याला अडाणी समजू नये. केंटकी ब्लूग्रास हे लॉनचं गवत एकदा पेरलं की तेच शेत उसाच्या खोडव्यासारखं पुढची काही वर्षं बी देत राहतं. उन्हाळ्यात कापणी झाली की मागे काड आणि धसकट उरतं. ते जाळलं की बुडख्यापर्यंत ऊन पोचतं आणि पावसाळी गारव्यात जोमदार फुटवे येतात. हिवाळ्यातली थंडी आणि लहान दिवस सोसलेल्या या फुटव्यांनाच पुढे तुरे लागतात. काड तसंच पडून राहिलं, तर सावलीतले फुटवे लांबट आणि किडकिडीत होतात. शेत हिरवंगार दिसतं, बी मात्र हाती लागत नाही.

२. धूर बांधावर थांबत नाही. ३ ऑगस्ट १९८८ रोजी शेजारच्या ऑरेगन राज्यात ऑल्बनीजवळ जळत्या शेताचा धूर महामार्गावर पसरला, गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सात माणसं गेली. १९९१ च्या कायद्याने तिथलं जाळणं टप्प्याटप्प्याने कमी झालं आणि २००९ च्या कायद्याने तिथल्या विलामेट खोऱ्यात ते जवळपास बंदच झालं. वॉशिंग्टनने तर ब्लूग्रासची शेतं जाळायला नव्वदच्या दशकातच मनाई केली. कायदा आधी आला आणि त्याला साजेसं वाण शोधायची धावपळ नंतर सुरू झाली.

३. यंत्र आगीचं निम्मंच काम करतं. गठ्ठे बांधा, दाताळं फिरवा, धसकट कापून ओढून घ्या. डिझेल जळतं आणि तरीही वर्षागणिक उतारा घसरत जातो. पण सगळ्या वाणांचा सारखा घसरत नाही. पैदासकाराला वाव आहे तो या फरकातच.

४. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर भाळू नये. पहिल्या कापणीआधी शेतात जुनं काडच नसतं, त्यामुळे आग असो वा नसो, सगळेच वाण शहाण्यासारखे वागतात. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या कापणीला होते. म्हणूनच निवड न जाळलेल्या वाफ्यांत, तीही काही वर्षं धीर धरून करावी लागते. चौरस फुटात तुरे किती, एका तुऱ्यात दाणे किती, दाण्याचं वजन किती, हे झाडागणिक मोजायचं. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला आडवाट नाही.

५. लॉन आणि बी यांचं मुळातच पटत नाही. गिऱ्हाइकाला हवं असतं दाट, बुटकं, गडद, जमिनीखालून पसरत जाणारं गवत. मैदानावर तुरा दिसला की तो नाक मुरडतो. शेतकऱ्याचं पोट त्याच तुऱ्यावर! १९३६ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या एका गोल्फ मैदानावर सापडलेल्या ‘मेरियन’ वाणापासून वाणांची निवड हिरवळीच्या रूपावरच होत आली. बियाच्या उताऱ्याचा भार आगीने उचलला. आता आग काढून घेतली, तर तो भार झाडालाच उचलावा लागणार. माझं मत असं, की हिरवळीला दहापैकी नऊच गुण मिळवणारं पण भरघोस बी देणारं झाड आधी उचलावं.

६. या गवतात संकर मनासारखा होत नाही. बहुतेक बी फलनाशिवायच तयार होतं आणि लेक आईची नक्कल निघते. गुणसूत्रंही कुठे अठ्ठावीस, कुठे शंभराहून जास्त. पैदासकार वैतागतो खरा. पण एखादं गुणी झाड सापडलं की त्याचे गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. म्हणून पलूसमधल्याच पुलमन गावच्या सरकारी बियाणे संग्रहात देशोदेशींचे नमुने चाळत बसणं मला संकरापेक्षा फायद्याचं वाटतं.

७. दुकानातल्या पिशवीवर शेत जाळलं की नाही ते लिहिलेलं नसतं, आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. विचारतो तो बी पिकवणारा. नवं वाण दाखवायला त्याला वाफ्यांवर नेलं की तो रंगाकडे ढुंकूनही पाहत नाही, उकिडवा बसतो, काड बाजूला सारतो, बुडखे चाचपतो आणि विचारतो, “चौथ्या वर्षी काय देईल?”