साबुदाण्याच्या कंदाची गोष्ट आणि संशोधनाचा पैसा

'जगातील भूक' हा पाठ शिकवताना मी आकड्यांनी सुरुवात करत नाही. आधी विचारतो, "साबुदाणा कुठून येतो?" निम्मी मुलं म्हणतात, "दुकानातून!" तो कसाव्याच्या कंदापासून बनतो. आपल्याकडे तो उपवासाला. आफ्रिकेत मात्र कोट्यवधी लोकांचं ते रोजचं जेवण.

1970 च्या दशकात काँगोच्या खोऱ्यात या पिकावर पिठ्या ढेकूण पडला. बहुधा दक्षिण अमेरिकेतून बेण्याबरोबर आलेला. आफ्रिकेत त्याचा शत्रूच नव्हता, त्यामुळे काही ठिकाणी 80 टक्क्यांपर्यंत पीक गेलं. नायजेरियातील इबादानच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत हान्स हेरेन यांनी ठरवलं, किडीच्या मूळ देशातच तिचा शत्रू शोधायचा. शोधात आधी दुसराच, दिसायला तसाच ढेकूण सापडला. त्याचे शत्रू इकडे निरुपयोगी! शेवटी 1981 मध्ये पॅराग्वेत खरा ढेकूण मिळाला आणि त्याच्या अंगात अंडी घालणारी इवलीशी गांधीलमाशीही. ब्रिटनमध्ये तपासणी करून, नायजेरियात वाढवून ती सोडली. पुढे ती वीसहून जास्त देशांत पसरली आणि कीड आटोक्यात आली.

आता मुलांना नेमका प्रश्न विचारा: हा खर्च एखाद्या कंपनीने केला असता का? माशी आपली आपण पसरते, शेतकऱ्याला काहीच विकत घ्यावं लागत नाही. मग नफा कुठला? म्हणून पैसा सरकारांनी आणि आंतरराष्ट्रीय निधींनीच घातला. मला वाटतं, पाठाचा गाभा इथेच आहे.

2008 मध्ये हीच कीड थायलंडमध्ये आढळली. पुढच्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनहून माशा नेल्या. जुना खर्च असा पुन्हा कामी आला! पण नुसत्या माशा पुरल्या नाहीत. लागवडीआधी बेणं औषधाच्या पाण्यात बुडवा, हे शेतकऱ्यांपर्यंत पोचवावं लागलं. हे कृषी विस्ताराचं काम. निधीला कात्री लागते तेव्हा माझ्या मते हेच आधी कापलं जातं, कारण त्याचा फोटो छान येत नाही.

आपल्याकडे हे काम कृषी विज्ञान केंद्रं करतात; पहिलं 1974 मध्ये पुदुच्चेरीत सुरू झालं. जवळच्या केंद्रात वर्ग न्या. तिथल्या तज्ज्ञांना मुलांनी एकच विचारावं: "तुम्ही सांगितलेलं किती शेतकऱ्यांनी करून पाहिलं, आणि बाकीच्यांनी का नाही?"