हॉटेलात वाढायला कोण बसणार?

माझं सासर घोडनदीचं आणि माहेर दौंडचं. शिरूर म्हटलं की जुन्या माणसांच्या तोंडी अजून घोडनदीच येतं. दोन्ही घरांना एकत्र जेवायचं असलं की आम्ही न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरतो. तिथे पुणे-सोलापूर महामार्ग लागतो आणि दौंडची मंडळीही पाटसवरून तिथवर सहज येतात. हॉटेलांची तर रांगच आहे.

पुतण्या रांजणगावच्या एमआयडीसीत लागला, पहिला पगार झाला, म्हणून त्याने दोन्ही घरांना जेवायला बोलावलं. रविवारची संध्याकाळ होती आणि आम्ही चौदा जण होतो. सासरी चुलत सासूबाई, म्हणजे आमच्या काकू, माळकरी, आळंदीची वारी न चुकवणाऱ्या. माहेरी अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले, रविवारी मटण नसेल तर त्यांना जेवल्यासारखंच वाटत नाही. चार टेबलं जोडली. पुतण्या उत्साहात म्हणाला, "सगळं मध्येच मागवू, ज्याला जे पाहिजे ते घ्या." मटण हंडी, चिकन हंडी, शेवभाजी, आख्खा मसूर, पनीर, सगळं एका दमात सांगून टाकलं.

भाज्या आल्या, पण भाकरी आली नाही. रविवारी संध्याकाळी हायवेवरच्या हॉटेलात भाकऱ्या थापणाऱ्या बाईची चूल एक आणि मागणारे शंभर. पोरांनी वाट बघत रस्सा वाट्यांत घेऊन प्यायला सुरुवात केली. त्यातच धाकट्या भाच्याने मटणाच्या हंडीतला डाव उचलला आणि तसाच शेवभाजीत घातला. शेवेवर लाल तर्रीचा ओघळ उतरलेला मला समोरून दिसला. काकूंनाही दिसला. त्या काही बोलल्या नाहीत, ताट जरा मागे सरकवलं आणि म्हणाल्या, "मला दही-भाकरी पुरे गं."

आमच्या ह्यांनी वेटरला दुसरी शेवभाजी आणायला सांगितलं. तो वाडगा घेऊन गेला आणि पाच मिनिटांत परत घेऊन आला. वरून नवी शेव, नवी कोथिंबीर, पण वाडग्याच्या काठाचा उडालेला टवका तोच. विचारल्यावर त्याने मान खाली घातली. मॅनेजर मात्र म्हणाला, "ताई, ग्रेव्ही वेगळीच असते आपली." काकूंनी त्या रात्री दही-भाकरीच खाल्ली, आणि बिलात शेवभाजी दोन लागल्या.

मला त्या भाच्याचा राग आला नाही. घरी तो कधीच असं करत नाही, कारण घरी त्याला कुणीतरी वाढतं. पंगतीत वाढपी फिरतो तो भांडं हातात धरून, जेवणाऱ्याचा हात भांड्याला लागत नाही, आणि शाकाहारी मंडळी आधी उठवून घ्यायची हे गावजेवणातही सगळ्यांना ठाऊक असतं. हॉटेलात हंड्या मधोमध येतात आणि त्या वाढणाऱ्या माणसाची जागा रिकामी राहते. चौदा हात एका भांड्यात गेल्यावर दुसरं काय होणार?

म्हणून आता आमच्याकडे टेबलावर बसल्या बसल्या एक माणूस नेमतो, बहुतेक माझी जाऊ. मागवणार ती आणि वाढणारही ती. मांसाहार टेबलाच्या एका टोकाला, शाकाहार दुसऱ्या टोकाला, प्रत्येक भांड्याला स्वतःचा डाव. हॉटेलवाले दोन भांड्यांत एक चमचा आणून ठेवतात, जास्तीचे मागून घ्यावे लागतात. घरात कुणी कडक माळकरी असेल तर मी सरळ सांगेन की शुद्ध शाकाहारी हॉटेल बघा. मिश्र हॉटेलात कढई, तेल, पलिता वेगळा आहे का हे विचारता येतं, पण आत जाऊन बघता येत नाही. मटण खाणाऱ्यांनी एक रविवार मासवडीवर काढावा, काही बिघडत नाही. (अण्णांना हे अजून पटलेलं नाही.)

मागवण्याचंही एक तंत्र आहे. भाकरी आणि रोटी आधी सांगा, भाज्या नंतर. हंडी हाफ आहे की फुल, त्यात पीस किती आणि ती किती जणांना पुरते, हे वेटरला विचारायला लाजू नका, तो रोज सांगतो. पहिल्या खेपेला भुकेपेक्षा कमीच मागवा. आमच्या त्या जेवणात पनीर जवळजवळ अख्खं उरलं, कारण ते कुणालाच नको होतं, फक्त 'असू दे' म्हणून मागवलं होतं. आणि निघण्याआधी कॅलेंडर बघा. संकष्टीला रांजणगावच्या महागणपतीला गर्दी असते, चंद्रोदयानंतर उपास सोडणारी मंडळी नगर रस्त्यावरच्या हॉटेलांत येतात, त्या दिवशी चौदा जणांना एकत्र जागा मिळणं अवघडच.

थाळीचं वेगळं. मटण थाळीत रस्सा हवा तितका देतात, पण सुक्कं मोजून असतं, आणि एका थाळीत दोघं जेवली तर जादा पैसे लावायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. वहिनीने आपल्या ताटातला घास लेकीला भरवला तर त्याचेही पैसे धरतात का, हे बसतानाच विचारून घ्या. लहान पोरांसाठी जास्तीची वाटी आणि भात सुटा मागवणं स्वस्त पडतं.

उरलेलं बांधून घेताना दोन गोष्टी बघा. ज्या वाडग्यात उष्टे चमचे गेलेत ते घेऊ नका. आणि शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एप्रिल-मे महिन्यात दौंडकडच्या उकाड्यात बंद गाडीतली बिर्याणी तर तेवढाही वेळ धरणार नाही. लांब जायचं असेल तर ती तिथेच संपवा.

बिल हातात घेऊन वाचा. कांदा, पापड, पाण्याच्या बाटल्या न मागता टेबलावर येतात आणि बिलात चढतात. साधं पाणी जगमध्ये भरून मागून घ्या. साध्या हॉटेलला जीएसटी ५ टक्के, आणि हॉटेल कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. तसं बिलावर लिहिलेलं असतं. सेवाशुल्क आपोआप लावायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. एका शेवभाजीसाठी मी फोन केला नाही, पण दुसऱ्या शेवभाजीचे पैसे मात्र दिले नाहीत.

आणि पैसे कोण देणार हे घरूनच ठरवून निघा. गल्ल्यापाशी साल्या-मेहुण्यांची ओढाताण सुरू झाली की मागे रांग लागते, आणि ज्याने आमंत्रण दिलं तो पहिल्या पगाराचा पोरगा खिशात हात घालून उभा राहतो. आमंत्रण त्याचं असेल तर पैसे त्यालाच देऊ द्या.